खंतीवरचं टिंब

चेनवाल्या काकूंच्या गळ्यात चेन कधीच नव्हती. पँटच्या, पर्सच्या, जॅकेटच्या तुटलेल्या चेन बदलून द्यायचा त्यांचा धंदा, म्हणून ते नाव. गल्लीत नवीन राहायला आलेला माणूस आधी त्यांच्या गळ्याकडे बघायचा आणि मग मशीनकडे. काकूंना त्याचं काही वाटत नसे. त्या म्हणायच्या, "गळ्यातली तुटली तर माणूस रडत बसतो, पँटची तुटली तर धावत येतो. मला धावत येणारा बरा."

रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीला लागून त्यांचं मशीन होतं. समोर वाचनालयाची उंच, कोरी भिंत. खोलीत थेट ऊन येत नसे, पण त्या भिंतीवर आपटून परतलेला उजेड यायचा. शिवणकामाला असाच उजेड लागतो, डोळ्यांत न खुपणारा आणि सावली न पाडणारा. वाचनालयाच्या आत काकू क्वचितच गेल्या असतील, पण त्या भिंतीला त्या आपल्याच घरची मानत.

काकूंचे यजमान कवी होते. तशी नोकरी पाणीपट्टीच्या कचेरीत झाली, पण "ती केवळ पोटासाठी केली, मन तिथं नव्हतंच," असं त्यांनी निवृत्तीच्या भाषणात सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, "ते आम्हाला जाणवत होतं." त्यांचे तीन कवितासंग्रह होते आणि तिन्हींचे गठ्ठे पलंगाखाली होते. मागे पलंगाचा एक पाय मोडला, तेव्हा पहिल्या संग्रहाच्या प्रती एकावर एक रचल्या आणि उंची अगदी नेमकी जुळली. काकू म्हणाल्या, "चला, कुणाला तरी आधार झाला."

गल्ली त्यांना कविराज म्हणायची. ते खूश असायचे. गल्ली कोणत्या सुरात म्हणते, हे ऐकायला लागणारा कान देवानं त्यांना दिला नव्हता. त्यांना दिली होती ती बायको, आणि तिच्या तोंडात दिवसभर टाचण्या. कविता वाचून दाखवायला याहून चांगलं माणूस शोधून सापडलं नसतं. मूग गिळून बसलेला माणूस कधीतरी तोंड उघडतो. टाचण्या धरलेल्याला तीही सोय नाही. कविराज वाचायचे, काकू "हं" म्हणायच्या आणि पायमशीन खडखडत राहायचं.

त्या गावात, म्हणजे बऱ्यापैकी शहरच होतं ते, एक मुलगी आली. बोटभर केस, खांद्याला वायरींची पिशवी. ही प्रकाशकलाकार आहे, असं ग्रंथपालबाईंनी सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं. तरी कविराजांच्या बहिणीनं, म्हणजे काकूंच्या नणंदेनं, तिला दादाच्या घरातला बंद पंखा दाखवलाच. मुलगी चांगली होती. तिनं तोही चालू करून दिला.

तिची कल्पना अशी: शहरातल्या लेखकांची एकेक ओळ घ्यायची, उजेडाच्या नळ्या वाकवून ती अक्षरं करायची आणि शहरातल्या भिंतींवर लावायची. बैठक वाचनालयात ठेवली. त्या सभागृहात जेवढे श्रोते आजवर कधी जमले नव्हते, तेवढे लेखक त्या दिवशी जमले. मग भिंतींवरून भांडणं लागली. शहरातल्या ज्येष्ठ कथाकारांच्या वाट्याला सार्वजनिक मुतारीची भिंत आली. ते चिडले, तेव्हा मुलगी म्हणाली, "काका, तिथं वाचक हमखास थांबतो." गझलकारांना वीज कंपनीची इमारत मिळाली आणि ते मिरवत घरी गेले. शहरात सगळ्यात आधी वीज तिथलीच जाते, हे त्यांना नंतर कळलं. वाचनालयाची भिंत मात्र कविराजांना मिळाली. कारण सरळ होतं. तिथं लावायच्या नळ्यांना वीज समोरच्या एखाद्या घरातून घ्यावी लागणार होती, आणि समोरचं घर त्यांचंच होतं.

ओळ निवडायला मुलगी घरी आली. कविराज तिन्ही संग्रह मांडून बसले.

"एकच अट आहे काका. जोडाक्षरं नकोत. नळी वाकत नाही."

कविराजांनी घसा साफ केला. "क्षितिजस्पर्शी स्वप्नपक्ष्यांच्या..."

"नळीचा जीव जाईल."

"अस्तित्वाच्या निःशब्द ज्वालाग्रस्त..."

"काका, तिचाही आणि माझाही."

आयुष्यभर जोडलेली अक्षरं अशी अंगावर आली. पहिला संग्रह संपला, दुसरा संपला. चहा दोनदा झाला. शेवटी तिसऱ्या संग्रहात, अगदी मागच्या बाजूला, एक ओळ सापडली. तिच्यात एकही जोडाक्षर नव्हतं.

*तळाशी अजून खंत आहे, उगवेल काही.*

"वा!" मुलगी म्हणाली. "किती साधी आहे! ही तुमची वाटतच नाही."

मशीन थांबलं. काकूंनी मान वर केली, पण तोंडात टाचण्या होत्या.

ती ओळ जन्मली तेव्हा तोंडात टाचण्या नव्हत्या, एवढाच काय तो योगायोग. कित्येक वर्षांमागं गॅलरीत एक कुंडी होती. झाड वाळून गेलं होतं, कुंडीला तडा होता. कविराज ती फेकायला निघाले, तेव्हा काकूंनी मातीत बोट खुपसून बघितलं आणि म्हणाल्या, "टाकू नका हो. तळाशी अजून खत आहे, उगवेल काही." कविराज कुंडी हातात धरून तसेच उभे राहिले. मग ती तिथंच सोडून, म्हणजे काकूंच्या पायावरच, ते आत पळाले.

पुढं पुस्तक आलं. काकूंनी ते उघडलं आणि म्हणाल्या, "अहो, हे तर मी कुंडीबद्दल बोलले होते."

"तू खत म्हणालीस," कविराज शांतपणे म्हणाले. "मी खंत म्हटलं. वरचं टिंब बघ. ते टिंब म्हणजेच कविता. बाकीचं काय, कुणीही बोलतं."

काकूंनी तेव्हा वाद घातला नाही. एका वाक्यावरून काय भांडायचं? घरात वाक्यांना तोटा नव्हता. पायाच्या अंगठ्याचं नख मात्र पुढं कायमचं वाकडं वाढत राहिलं.

नळ्या भिंतीवर चढल्या, त्या संध्याकाळी वाचनालयासमोर गर्दी जमली. भाषण समीक्षकांचं होतं. ते कॉलेजातून निवृत्त झालेले, शहरातले एकमेव समीक्षक. त्यामुळे त्यांचं मत हेच शहराचं मत. कविराजांच्या तिसऱ्या संग्रहाला प्रस्तावना त्यांचीच होती. ते म्हणाले, "या ओळीतला प्राण म्हणजे खंतीवरचं टिंब. कवीच्या कपाळावरचा घामाचा थेंबच तो! ज्या दिवशी हे टिंब पुसलं जाईल, त्या दिवशी ही कविता मरेल." टाळ्या झाल्या. मुलीनं बटण दाबलं. भिंतभर शेंदरी ओळ पेटली, आणि तिच्या शिरोरेषेवर एक छोटंसं गोल कडं, आपलं आपण वेगळं, लखलखत राहिलं. तेवढी नळी तिनं स्वतंत्र बसवली होती.

नणंदबाईंनी डोळे टिपले. "वहिनी, नशीब काढलंत. दादाच्या कवितेसमोर बसून चेन लावता!"

"हो ना," काकू म्हणाल्या. "वीजही आमच्याच मीटरवर आहे."

खरं सांगायचं तर काकूंना त्या पहिल्या संध्याकाळी राग आला तो उजेडाचा. दिवस कलला की शेंदरी रंग खोलीत उतरायचा आणि सगळे दोरे सारखे दिसायला लागायचे. तपकिरी, किरमिजी, विटकरी, सगळ्यांचा एकच लगदा. बँकेतल्या एका साहेबांच्या तपकिरी पँटला त्यांनी किरमिजी चेन लावली. साहेब दुसऱ्या दिवशी ती हातात धरून आले. "काकू, मी काय सर्कशीत आहे का?" काकूंनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. साहेबांनी ओळ वाचली आणि म्हणाले, "मग? यात चेनचं काय आहे?"

थोड्या दिवसांनी टिंब थरथरायला लागलं. आधी डासासारखं गुणगुणायचं, मग मध्येच डोळा मिटल्यासारखं मिटायचं, आणि एका संध्याकाळी ते पेटलंच नाही. बाकीची ओळ मात्र ठणठणीत.

*तळाशी अजून खत आहे, उगवेल काही.*

काकू दोरा ओवत होत्या. त्यांनी सहज वर बघितलं आणि सुई हातातच राहिली. त्यांचं वाक्य. जसं बोलल्या होत्या तसं, काना-मात्रा न बदलता, दोन मजली उंच. त्यांना अंगठ्याचं नख ठणकल्यासारखं वाटलं.

कविराज फिरून आले ते धापा टाकत. "अगं, टिंब गेलं! बघितलंस का? टिंब गेलं!"

"हं," काकू म्हणाल्या. तोंडात टाचण्या नसतानाही.

कविराजांनी वाचनालयात धाव घेतली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, मुलगी दुसऱ्या शहरात गेली आहे. इलेक्ट्रिशियन म्हणाला, अख्खी ओळ गेली असती तर चढलो असतो, एका टिंबासाठी शिडी कोण लावणार? तोवर शहरानं ओळ वाचली होती. एक माणूस पोतं घेऊन वाचनालयात आला आणि विचारायला लागला, "खत कोणत्या खोलीत मिळतं?" ग्रंथपालबाईंनी बोट वर केलं. वर कवितासंग्रहांचं कपाट होतं. त्या नंतर शपथेवर सांगत होत्या की त्यांना तसं म्हणायचं नव्हतं.

कविराजांनी दोन दिवस गल्लीत तोंड दाखवलं नाही.

याच दिवसांत काकूंना मात्र एक वेगळाच आजार जडला. घरात तो आधीपासून होताच, फक्त त्यांना लागण उशिरा झाली. रस्त्यावरून जाणारा माणूस मान वर करून ओळ वाचतो का, हे त्या खिडकीतून बघायला लागल्या. वाचून पुढं गेला तर त्यांना तो अडाणी वाटायचा. हसला तर उद्धट. थांबून दुसऱ्यांदा वाचलं की त्या म्हणायच्या, "चांगल्या घरचा दिसतो." आपण बोलतो ते त्या कान देऊन ऐकायला लागल्या. एक वाक्य बोलायचं आणि जरा थांबायचं, पेटतं का बघायला. एका गिऱ्हाइकाला त्या म्हणाल्या, "चेन तुटत नसते. माणूस ओढतो." आणि थांबल्या.

"बरोबर आहे काकू," गिऱ्हाईक म्हणालं. "पँट कधी मिळेल?"

रात्री भाजीत मीठ नव्हतं. कविराजांनी तसं सांगितलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "नसलेलंच जास्त लागतं जिभेला." कविराजांनी दचकून वहीकडे हात नेला. मग त्यांना आठवलं की आपण सध्या दुःखात आहोत, आणि हात मागं घेतला.

काकूंना हवं तरी काय होतं? भिंत नको, टाळ्या नकोत, निदान त्या स्वतःला असंच सांगायच्या. नवऱ्यानं एकदा, जेवताना, पाणी पिताना, कधीही, एवढंच म्हणावं: "हे तुझं आहे." बस. पण ज्याला घरातला पंखा बंद पडलेला वर्षभर दिसला नाही, त्याला हे दिसायला कुणीतरी बटण दाबायलाच हवं होतं.

बटण दाबलं ते समीक्षकांनी, आणि तेही उलटं. ते बरेच दिवस बाहेरगावी होते. परत आले, त्यांनी भिंत बघितली, आणि त्या आठवड्याच्या स्थानिक वर्तमानपत्रात त्यांचा लेख आला. शीर्षक: "टिंब पुसलं आणि कविता जन्मली." आपण काही दिवसांपूर्वी काय म्हणालो होतो, हे त्यांना आठवत नव्हतं असं नाही. मोठ्या समीक्षकाला दोन्ही गोष्टी आठवतात आणि दोन्ही खऱ्या वाटतात. त्यांनी लिहिलं होतं, "कवीनं उजेडातच पुनर्लेखन केलं आहे. खंतीचं खत करण्याचं हे धाडस! वैयक्तिक दुःख मातीत मिळवून समाजासाठी पीक काढणारी ओळ!"

कविराजांनी लेख तीनदा वाचला. पहिल्यांदा ते घाबरले, दुसऱ्यांदा गोंधळले. तिसऱ्यांदा वाचताना त्यांची पाठ ताठ होत गेली.

"अगं, ऐकलंस का? खरं म्हणजे मला हे केव्हापासून वाटत होतं."

"काय?"

"की ते टिंब जरा जास्तच होतं."

काकूंनी ओठांतली एकेक टाचणी काढून उशीत खोचली. शेवटची जरा जोरात खोचली. अजून वेळ आहे, म्हणाल्या मनाशी. माणसाला आठवायला वेळ लागतो.

वाचनालयानं कवीशी गप्पांचा कार्यक्रम ठरवला. प्रकाशकलाकार मुलीलाही बोलावलं. टिंब दुरुस्त करायचं की ओळ आहे तशीच ठेवायची, याचा निकाल तिथंच लागणार होता. कविराज घरी सराव करायला लागले. आरशासमोर उभे राहून म्हणायचे, "एकदा मी एक कुंडी हातात घेऊन उभा होतो." काकू मशीन थांबवून ऐकायच्या. कुंडी तर आली. आता पुढं त्या येणार. पण कविराज दर वेळी नेमके तिथंच थांबायचे आणि म्हणायचे, "पुढचं तिथं सुचेल."

कार्यक्रमाला काकू दुसऱ्या रांगेत बसल्या, नणंदबाईंच्या शेजारी. मांडीवर पिशवी, पिशवीत बँकेच्या साहेबांची पँट, परत जाताना द्यायची म्हणून. आज त्यांनी केस जरा नीट बांधले होते. नणंदेच्या ते लक्षात आलं. "वहिनी, आज काय विशेष?" "काही नाही ताई. पंख्याचा वारा फार आहे म्हणून."

समीक्षकांनी विचारलं, "खंतीचं खत झालं तो क्षण कोणता?"

कविराजांनी डोळे मिटले. "एकदा मी एक कुंडी हातात घेऊन उभा होतो. झाड मेलेलं. मी ती फेकणार, इतक्यात आतून आवाज आला. टाकू नकोस! तळाशी अजून खत आहे, उगवेल काही!"

काकूंनी पिशवी घट्ट धरली. आतून म्हणजे स्वयंपाकघरातून नव्हे, गॅलरीतूनच, शेजारूनच आला होता. पण चालेल. आवाज तर आला.

"आणि हा आवाज," समीक्षक पुढं झुकले, "कसा होता?"

कविराजांनी डोळे उघडले. समोर दुसऱ्या रांगेत बायको होती. दोघांची नजर मिळाली. कविराजांचा चेहरा एकदम उतरला, जुनी थकबाकी दाखवल्यावर लोकांचा त्यांच्या कचेरीत उतरायचा तसा.

"बाईचा होता," ते म्हणाले.

काकू खुर्चीच्या कडेला सरकल्या.

"म्हणजे," कविराज सावरले, "माझ्या आतल्या स्त्रीतत्त्वाचा."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. समीक्षकांनी ते लिहून घेतलं. नणंदबाई म्हणाल्या, "किती खोल आहे नाही, आमचा दादा!"

"खोलच," काकू म्हणाल्या. "तळ लागत नाही."

मग प्रकाशकलाकार मुलगी उठली. "नळी आणली आहे मी. दहा मिनिटांचं काम आहे. पण सगळ्यांना हे असंच आवडत असेल, तर तसंच ठेवते. काय करू?"

"तसंच ठेवा!" मागून आवाज आले. समीक्षकांनी हात वर केला. कविराजांनी उदारपणे मान डोलावली.

"टिंब लावा."

सगळ्यांनी वळून बघितलं. काकू उभ्या होत्या. पिशवी खाली पडली होती आणि साहेबांच्या पँटचा एक पाय बाहेर लोंबत होता. आयुष्यात सभागृहात त्या पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि आवाज मशीनवरून हाक मारल्यासारखा, लागतो त्यापेक्षा मोठा निघाला.

"टिंब लावा," त्या पुन्हा म्हणाल्या. "ते यांचं आहे. यांनी मला तसं सांगितलंय, टिंब म्हणजेच कविता, बाकीचं कुणीही बोलतं. तर ते कुणीही मी आहे. कुंडीबद्दल बोलले होते. बाकीची ओळ माझी आहे, ती पेटतेय नीट. यांचं तेवढं विझलंय. ते लावून द्या."

सभागृहात कुणाला हसावं की नाही कळेना. समीक्षक "हा एक प्रकारचा हस्तक्षेप..." असं काहीतरी सुरू करायला गेले, पण ग्रंथपालबाईच पहिल्यांदा हसल्या, आणि मग सगळंच सुटलं.

कविराज मान खाली घालून बसले होते. टाळ्यांसाठी थांबण्याची सवय असलेला माणूस हसू थांबेपर्यंत थांबला. मग माईक तोंडाशी धरून, पण माईकसाठी नसलेल्या आवाजात म्हणाला, "लावा टिंब. तेवढंच माझं आहे."

घरी जाताना नणंदबाई फणकारल्या, "वहिनी, चारचौघांत असं बोलतात का? घरात सांगायचं."

"घरातच बोलले होते ताई. तेव्हा ते आत पळाले आणि कुंडी माझ्या पायावर पडली."

मुलीनं दुसऱ्या दिवशी शिडी लावली. पण तिच्याकडची शेंदरी नळी संपली होती, पांढरी तेवढी शिल्लक होती. आता भिंतीवर सगळी ओळ शेंदरी आणि वर एक पांढरंफेक टिंब, चेन एका रंगाची आणि दोरा दुसऱ्या रंगाचा असावा तसं, लांबून ओळखू येणारं. काकूंच्या धंद्यात असलं काम गिऱ्हाईक परत आणून टाकतं. पण काकूंनी तक्रार केली नाही. दिवस कलल्यावर चेनचं काम त्यांनी बंद केलं आहे. त्या उजेडात फक्त बटणं लावतात.

कविराज हल्ली संध्याकाळी खिडकीत खुर्ची टाकून बसतात. कविता वाचून दाखवत नाहीत, भिंतीकडे बघत राहतात. परवा बराच वेळ बघून म्हणाले, "अगं, दिसतं ना ते नीट?"

काकूंनी तोंडातल्या टाचण्या हातावर घेतल्या.

"दिसतं की. रस्त्यातून तेवढंच आधी दिसतं."

कविराजांचा चेहरा खुलला. ते जरा सरसावून बसले, मग थोडे घुटमळले आणि हळूच म्हणाले, "आणि तुझीही ओळ बरी आहे हं."

काकूंनी टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. "हं," म्हणाल्या, आणि मशीनवर पाय ठेवला.